दोन हजार थांबणाऱ्या

ऑफिसात त्याला सगळे ब्रह्मदेव म्हणत, कारण त्याचं काम माणसं घडवण्याचं होतं. खरी नव्हे, नकली. कंपनी लहान, मजला एकच, आणि त्या मजल्यावर दहा-बारा डोकी मिळून अवकाशाचा एक खेळ तयार करत होती. आपापलं जहाज घ्यायचं, या ताऱ्याकडून त्या ताऱ्याकडे हिंडायचं, खरेदी-विक्री करायची, भांडणं उकरून काढायची, आणि हे सगळं जगभरच्या खेळाडूंनी एकाच आकाशात, एकाच वेळी. खेळ खुला झाल्या झाल्या दहा हजार लोक येऊन आदळले तर सर्व्हर टिकेल का, हे आधी बघायला हवं होतं. तपासणीसाठी दहा हजार माणसं उसनी कुठून आणणार? म्हणून ब्रह्मदेवाने ती संगणकात घडवायची आणि आकाशात सोडायची. या नकली खेळाडूंना ऑफिसात प्रजा म्हणत.

पहिली प्रजा फारच गुणी निघाली होती. रांगेत यायची, रांगेत जायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिच्या भरवशावर थोड्या खऱ्या माणसांना खेळायला बोलावलं, तर हजार जणांतच खेळ आडवा झाला. खरी माणसं रांगेत येत नाहीत. कुणी मध्येच थांबतं, कुणी उलटं फिरतं, कुणी दुसऱ्याच्या अंगावर जाऊन विचारतं की हे कुठलं बटण. त्या दिवशी कप्तानने फर्मान काढलं. कप्तान म्हणजे कंपनीची मालकीण. वयाने ब्रह्मदेवाच्या पुतणीएवढी, पण तिने हाक मारली की माणूस चहाचा कप हातात घेऊनच उभा राहायचा.

"प्रजेला स्वभाव द्या," ती म्हणाली. "मला साधू नकोत. माणसं हवीत."

माणसं म्हटल्यावर ब्रह्मदेवाने शोध घरापासूनच सुरू केला. मेहुण्यावरून त्याने विसराळू घडवला. हा निघतो, अर्ध्या वाटेत काहीतरी आठवतं, मागे फिरतो, आणि मागे आल्यावर कशासाठी आलो तेच विसरतो. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यावरून भांडखोर. जो सगळ्यात जवळ दिसेल त्याच्यावर तोफ रोखायची, कारण नंतर शोधायचं. सासूबाईंवरून भाव विचारणारी. दिसेल त्या दुकानाशी थांबून प्रत्येक वस्तूचा भाव विचारायचा आणि काहीही न घेता पुढे जायचं. स्वतःवरून त्याने मागोमाग जाणारा घडवला. समोर जे जहाज असेल त्याच्या शेपटाला धरून चालायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

पाचवी त्याने बायकोवरून घेतली. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचं नाव त्याने नुसतं थांबणारी ठेवलं. मागे कुणी रेंगाळलेलं दिसलं की ती थांबते, आणि तो जवळ येईपर्यंत जागची हलत नाही. प्रत्येक स्वभावाचे दोन-दोन हजार. कोण कुणावरून आलं, हे ऑफिसात कुणाला सांगायची गरज त्याला वाटली नाही.

ही नवी प्रजा गुरुवारी दुपारी आकाशात सोडली. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जायला खेळात एक भलंमोठं गोल दार होतं आणि सगळ्यांना त्या दारातून पलीकडे जायचं होतं. सुरुवात झकास झाली. विसराळू विसरले, भांडखोर भांडले, भाव विचारणाऱ्यांनी दुकानांना जेरीस आणलं. मग हळूहळू दाराशी गर्दी जमायला लागली.

सर्व्हर सांभाळणाऱ्याला ऑफिसात वैद्य म्हणत, कारण तो दिवसभर सर्व्हरची नाडी बघत बसायचा. नाडी म्हणजे पडद्यावरची एक रेघ. खाली असली की सगळं ठीक, वर चढली की सर्व्हरला धाप लागली. आता ती वर चढू लागली.

"दाराशी काय चाललंय?" वैद्य म्हणाला. "कुणी आत का जात नाही?"

"जातील," ब्रह्मदेव म्हणाला.

"कधी? मुहूर्त काढलाय का?"

सर्व्हरचं दुखणं माणसं किती आहेत यात फारसं नसतं, ती एकमेकांच्या किती जवळ आहेत यात असतं. दोन जहाजं एकमेकांना दिसली की याची खबर त्याला आणि त्याची याला द्यावी लागते. एका जागी हजारो जमली की प्रत्येकाची खबर प्रत्येकाला. वीस-पंचवीस माणसांच्या खटल्याच्या घरात एकाला शिंक आली की घरभर चौकशी होते, तसं. वैद्याने दार मोठं करून बघितलं आणि कपाळाला हात लावला. सगळ्यात पुढे थांबणाऱ्या उभ्या होत्या. प्रत्येकीला दुसरी कुणीतरी मागे राहिलेली दिसत होती, म्हणून ती तिच्यासाठी थांबली होती. ती दुसरी तिसरीसाठी थांबली होती. आधी तू, नाही गं, आधी तू, असं दोन हजार जणींचं चाललं होतं. त्यांच्या पाठीला मागोमाग जाणारे चिकटलेले, आणि त्या सगळ्यांवर भांडखोरांच्या तोफा.

नाडी पडद्याच्या वरच्या कडेला टेकली आणि आकाश काळं झालं. सर्व्हर बसला होता.

"कुणाची कल्पना होती ही?" वैद्य म्हणाला. "एवढं सौजन्य कोण दाखवतं हल्ली? माझी आत्या सख्ख्या नवऱ्यासाठी लिफ्ट धरून ठेवत नाही."

कप्तान मागे येऊन उभी होती. शनिवारी खेळ लोकांसाठी खुला व्हायचा होता. शुक्रवारी शेवटची तपासणी. त्यातही सर्व्हर बसला तर सगळ्यांचं एक आकाश विसरायचं आणि त्याच्या जागी चाळीस-चाळीस जणांच्या वेगळ्या खोल्या करायच्या, म्हणजे तीन वर्षांच्या कामावर पाणी.

"बाकीचे चार राहू देत," ती म्हणाली. "ही थांबणारी काढून टाका. पुसूनच टाका, म्हणजे कुठून पुन्हा उगवायला नको."

"बघतो," ब्रह्मदेव म्हणाला.

"बघू नका. काढा."

घरी तो संगणक घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. पुसायला एक बटण पुरेसं होतं. ते बटण त्याला माहीत होतं, बोटही रिकामं होतं. तरी त्याने आधी दुपारची तपासणी पुन्हा एकदा चालवून बघायला घेतली.

समोर सासूबाई वाटाणे सोलत होत्या. मुलगी गेल्यावर जावयाचं घर लावून द्यायला त्या आठ दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. घर काही लागलं नाही आणि त्याही गेल्या नाहीत. आता जाते, असं त्यांना म्हणता आलं नव्हतं, आणि आता जा, असं त्यालाही. त्यामुळे दोघं रोज भांडत आणि एकाच टेबलाशी जेवत.

"माश्या बसल्यासारखं काय आहे ते?" त्यांनी मान लांब करून विचारलं.

"जहाजं आहेत."

"आणि हे एक दर दुकानाशी काय करतंय?"

"भाव विचारतंय."

"घेतं काय?"

"काही नाही."

सासूबाईंच्या हातातली शेंग हातातच राहिली. "जावईबापू, ही मी आहे का?"

ब्रह्मदेव चष्मा पुसायला लागला.

"आणि ही बाजूची?"

"त्याही तुम्हीच. दोन हजार आहात."

"दोन हजार." सासूबाईंनी शेंग सोलली आणि दाणे भांड्यात टाकले. "मग बाजार सुतासारखा सरळ झाला असेल." हा अपमान आहे की सन्मान हे ठरवायला त्यांनी एक वाटाणा तोंडात टाकला, आणि बहुधा सन्मानच धरला. "बरं, आणि ही दारात ठोंब्यासारखी उभी राहिलेली कोण?"

त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाला, "ती तुमची लेक."

सासूबाईंनी हातातलं भांडं बाजूला सरकवलं. संगणक आपल्याकडे ओढून घेतला आणि बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचे खांदे हलायला लागले. ब्रह्मदेव घाईने उठला, आपण हे दाखवायला नको होतं असं त्याला वाटलं. पाणी आणावं म्हणून वळला तर मागून आवाज आला, आणि तो रडण्याचा नव्हता.

"ही?" सासूबाई पदराने डोळे पुसत हसत होत्या. "ही थांबते? अहो, माझी लेक जन्मात कुणासाठी थांबली होती? शाळेत जाताना धाकट्या भावाचं दप्तर हिसकावून कोपऱ्यापर्यंत पळायची. तो गळा काढून हिच्या मागे. तिच्यामुळे तर तो पोरगा वेळेवर शाळेत पोचायचा."

"माझ्यासाठी थांबायची," ब्रह्मदेव म्हणाला. "मी ऑफिसातून यायचो तेव्हा खिडकीशी बसून..."

"कुठल्या खिडकीशी?"

तो परत येऊन खुर्चीत बसला.

"दवाखान्याच्या," सासूबाईंनीच सांगितलं. "तिथे तिला उठून पळता येत होतं का?"

ब्रह्मदेव टेबलावरच्या शेंगा एका रांगेत लावू लागला.

"शेवटचे काही महिने थांबली ती. इलाज नव्हता म्हणून थांबली. त्याच्या आधीची वर्षं कुठे नेऊन टाकलीत तुम्ही?" सासूबाईंचं हसू ओसरलं होतं, पण आवाज चढला नव्हता. "माणूस गेलं की आपण त्याला जरा घासूनपुसून घेतो, हे मलाही कळतं. मीही घेते. पण हे म्हणजे फार झालं. एवढी शहाणी पोर माझी नव्हे. कुणा दुसऱ्याची उचलून आणलीत."

त्याला राग आला. तो स्वयंपाकघरात गेला आणि नळाखाली पेला धरून उभा राहिला. पेला भरून वाहू लागला तरी त्याचं लक्ष नव्हतं. त्याला बँकेतली रांग आठवत होती. तो पुढे, ती मागे, हातात छत्री. त्याच्या बगलेखालून तिने छत्री सारली आणि पुढच्या गृहस्थाच्या कमरेत टोक खुपसलं. गृहस्थ वळला तो थेट ब्रह्मदेवाकडे बघत, आणि ही भिंतीवरचं घड्याळ बघत उभी. भांडण इतकं पेटलं की मॅनेजर बाहेर आला. रस्त्यावर आल्यावर ती हसून हसून विजेच्या खांबाला धरून उभी राहिली होती. आणि जिना. जिन्यात तो जरा रेंगाळला की मागून पाठीत ढुशी बसायची, "चल रे म्हाताऱ्या," आणि ती दोन-दोन पायऱ्या चढत पुढे. म्हातारा तेव्हा तिशीचा होता.

तो नळ बंद करून बाहेर आला.

"ती मागून ढुशी द्यायची," तो म्हणाला.

"मग तसं लिहा ना. इतका वेळ काय केलंत?"

मग दोघं कामाला बसली. ब्रह्मदेवाने नियम नव्याने लिहायला घेतला. मागे रेंगाळलेलं जहाज दिसलं की थांबायचं नाही, वळसा घालून त्याच्या मागे जायचं आणि ढुशी द्यायची. त्याने दहा-बारा जहाजं सोडून बघितली. सासूबाई परीक्षक.

"ढुशी देऊन तिथेच काय उभी राहते? आभार मानायला? पळायला हवी."

त्याने पळायला लावली.

"नुसती पळून कसं चालेल? चिडवत पळायची ती."

त्याने पळताना दिवे लुकलुकवायला लावले.

"हां. आता ज्याला ढुशी बसली तो वळून बघेल ना? तेव्हा ती तिथे दिसता कामा नये. दुसराच कुणीतरी गरीब दिसला पाहिजे."

हे लिहायला वेळ लागला. तिने पळून दुसऱ्या जहाजाच्या आड लपायचं, आणि आळ त्याच्यावर जाईल अशा बेताने. पहिल्यांदाच जमलं तेव्हा भांडखोराने वळून बिचाऱ्या विसराळूवर तोफ रोखली. विसराळू आपण काय केलं ते आठवत तिथेच गोल गोल फिरायला लागला. सासूबाईंनी टेबलावर थाप मारली आणि वाटाणे जमिनीभर झाले.

"सर्व्हरला झेपलं नाही तर?" वाटाणे वेचता वेचता ब्रह्मदेव म्हणाला.

"मला तरी ती कधी झेपली होती?" सासूबाई म्हणाल्या. "वाढवलीच ना?"

शुक्रवारी दुपारी सगळं ऑफिस एका मोठ्या पडद्यासमोर जमलं. आज प्रजेबरोबर ऑफिसातले सगळे आपापल्या जहाजात बसून आत जाणार होते.

"काढली ना?" कप्तानने विचारलं.

"बदलली."

"मी काय सांगितलं होतं?"

"काढा म्हणून सांगितलं होतंत," ब्रह्मदेव म्हणाला. "एकदा बघा. आज तिच्यामुळे सर्व्हर बसला तर तुमच्यादेखत पुसतो, आणि पुन्हा कधी घालत नाही."

कप्तानने त्याच्याकडे बघितलं. एरवी हा माणूस खुर्ची बदलायचीही मागणी करत नसे. "एकदाच," ती म्हणाली.

दहा हजार जहाजं सुटली. विसराळू मागे फिरले, भाव विचारणाऱ्या दुकानांवर तुटून पडल्या, आणि दाराशी आदल्या दिवसासारखीच गर्दी दाटायला लागली. नाडी चढली. वैद्याने ब्रह्मदेवाकडे असं बघितलं की झालं तुमचं, गाशा गुंडाळा आता. तेवढ्यात त्याचं स्वतःचं जहाज गचकन पुढे सरकलं.

"मला कोण ढकलतंय?"

कुणी उत्तर दिलं नाही, कारण प्रत्येकाला तेच विचारायचं होतं. दाराशी घुटमळणारं एकेक जहाज मागून ढुशी खाऊन आत पडत होतं. पाठोपाठ मागोमाग जाणारे आपले नेमाने आत. विसराळूंना तर मागे फिरायची सवडच मिळेना. फिरले की ढुशी, फिरले की ढुशी. काही जहाजांना ढुशी जरा तिरकी बसली आणि ती दाराऐवजी जवळच्या सूर्यात जाऊन पडली, पण कामात एवढं तेवढं व्हायचंच.

"अगं ए," कप्तान पडद्याला म्हणाली. तिलाही बसली होती. तिने जहाज गरकन वळवलं आणि समोर दिसलेल्या वैद्यावर तोफ झाडली.

"मी नव्हे," वैद्य म्हणाला. "आईशप्पथ मी नव्हे."

"मग मागे काय करत होतास?"

"नाडी बघत होतो."

नाडी खरोखरच उतरत होती. गर्दी साठायच्या आत फुटत होती. बघता बघता दाराअलीकडचं आकाश मोकळं झालं. कप्तान गेली, वैद्य गेला, विसराळूसुद्धा गेले. उरलं एकच जहाज. दाराच्या तोंडाशी, इंजिन बंद करून उभं.

"हे कुणाचं?" कप्तानने विचारलं.

"माझं," ब्रह्मदेव म्हणाला.

"मग चला की आत. तुमच्यासाठी अडलंय सगळं."

त्याला जायचं होतंच. सगळ्यांना बसली, आपल्याला एक बसू दे, मग जाऊ, एवढाच त्याचा विचार होता. पण स्वतःच लिहिलेला नियम तो विसरला होता. मागे रेंगाळलेला आता आकाशात एकटा तोच होता. म्हणजे दोन हजारच्या दोन हजार त्याच्यासाठी परत येणार होत्या.

त्या आल्या. दारातून उलट्या बाहेर, दुकानांमागून, सूर्याच्या आडून, एकेक करून त्याच्या पाठीशी जमू लागल्या. कुणाचा दिवा लुकलुकत होता, कुणी दुसरीच्या आड लपत होती, पण लपणार कुणाच्या आड, सगळ्या तीच. दोन हजार जणींची खबर दोन हजार जणींना द्यायला सर्व्हर धापा टाकू लागला. नाडी एकदम वर उसळली. पडद्यावरची जहाजं डिंकात पाय अडकल्यासारखी हळू झाली.

"हला," वैद्य म्हणाला. "अहो हला. बसतोय हा."

एक बटण दाबलं असतं तर ब्रह्मदेव आत गेला असता, त्या पांगल्या असत्या, आणि तपासणी पार पडली असती. नाही दाबलं तर सर्व्हर बसणार, आणि मग कबूल केल्याप्रमाणे सगळ्यांच्या देखत तिला पुसायचं. हे त्याला सगळं कळत होतं. पण मागे त्या इतक्या जवळ आल्या होत्या, इतक्या सगळ्या. बोट बटणावर होतं आणि तो मान वळवून मागचंच बघत होता.

"ब्रह्मदेव," कप्तान हळूच म्हणाली, "जाईल हो ती."

त्याने बटण दाबलं. नक्की कोण आधी पोचलं, त्याचं बोट की त्यांची ढुशी, हे वैद्याला नंतर नोंदी चाळूनही सांगता आलं नाही. जहाजाला मागून असा धक्का बसला की ते दारातून पलीकडे गेलं, पलीकडची दुकानं ओलांडून गेलं, आणि कोलांट्या खात पार लांब जाऊन पडलं. अलीकडे दोन हजार जहाजं दिवे लुकलुकवत दाही दिशांना पळाली. नाडी क्षणभर वरच्या कडेला टेकली, तिथे थरथरली, आणि खाली आली.

ऑफिसातली सगळी डोकी त्या रेघेकडे वळली.

"टिकला," वैद्य म्हणाला. "यापेक्षा वाईट खरी माणसंसुद्धा वागणार नाहीत."

कप्तान खुर्चीत मागे रेलली. "राहू द्या तिला," ती म्हणाली. "पण ढुशी जरा हळू. लोक तक्रारी करतील."

"हळू नाही जमणार तिला," ब्रह्मदेव म्हणाला.

"बरं. मग सूर्य लांब सरकवा." ती उठता उठता थांबली. "कुणावरून घेतलीत हो ही?"

"घरचीच आहे."

कप्तान पडद्याकडे वळली. तिचं जहाज दारापलीकडे अजून उभं होतं. ती ते बंद करायला वाकली आणि तेवढ्यात त्याला मागून गचकन एक ढुशी बसली. तिने वळवून बघितलं तर समोर एक भाव विचारणारी निरागसपणे दुकानाशी उभी.

"आता मी कुठे रेंगाळले होते?" कप्तान म्हणाली. "हिला आवरा जरा."

वैद्याने नोंद उघडली आणि बोट ठेवून वाचली. मग पुन्हा वाचली.

"ही प्रजेतली नाही," तो म्हणाला. "हा कुणीतरी खरा माणूस आहे."

ब्रह्मदेव तोपर्यंत त्या भाव विचारणारीच्या आड नीट लपून बसला होता.